गेम खेळताना संगणक बंद पडतो: दोष हार्ड डिस्कचा आहे का, हे कसे तपासावे

गेम ऐन रंगात आला असताना संगणक थिजला किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो आणि ते निर्दोष ठरले की हार्ड डिस्कवर. नवी डिस्क विकत घेण्यापूर्वी संगणक नेमका कसा बंद पडतो, हे नीट पाहावे. पडदा एका क्षणात काळा होऊन संगणक पुन्हा सुरू होत असेल, तर दोष बहुधा घरातील वीजपुरवठ्याचा, संगणकातील पॉवर सप्लायचा किंवा उष्णतेचा असतो. डिस्कचा बिघाड सहसा असा वागत नाही. डिस्क बिघडली असेल, तर गेम आधी अडखळतो, काही सेकंद चित्र जागीच थांबते, माउस हलतो पण काही उघडत नाही, आणि मग गेम बंद पडतो किंवा विंडोजचा चूक दाखवणारा निळा पडदा येतो. विशेषतः दर वेळी एकाच ठिकाणी, म्हणजे एखादा ठरावीक नकाशा उघडतानाच असे होत असेल, तर त्या नकाशाच्या फाइलचा काही भाग डिस्कवरून नीट वाचला जात नसण्याची शक्यता बरीच असते.

नाशिकमध्ये आणखी एक गोष्ट आधी वगळावी लागते. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते आणि घरातील इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल, तर तेवढ्या वेळात संगणक बंद पडतो. म्हणून इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो, तेव्हा कॅबिनेटमधील धूळ काढून डिस्कचे तापमानही पाहावे.

डिस्कवर संशय असेल, तर कोणतीही चाचणी करण्यापूर्वी महत्त्वाचे फोटो, कागदपत्रे आणि गेमच्या सेव्ह फाइल दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात. बरेच जण आधी चेकडिस्क या विंडोजमधील डिस्क तपासणाऱ्या साधनाची आज्ञा ‘आर’ या पर्यायासह चालवतात. ती संपूर्ण डिस्क वाचून काढते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर एवढा ताण टाकणे म्हणजे उरलेली माहितीही धोक्यात घालणे होय.

यानंतर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे संगणकातील घडामोडींची नोंदवही, उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ या भागात संगणक बंद पडला त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचाव्यात. ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक दर्शवते, ५१ क्रमांकाची नोंद पेजिंग करताना, म्हणजे रॅम आणि डिस्क यांच्यात माहितीची ने-आण होताना, झालेली चूक सांगते आणि १५३ म्हणजे वाचन-लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून अनेक जण लगेच पॉवर सप्लाय बदलतात; वास्तविक तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, मग कारण काहीही असो.

खरा पुरावा डिस्कच्या स्मार्ट नोंदींत, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिच्यात, मिळतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन त्या दाखवते. वर ‘गुड’ असा निळा शेरा दिसला तरी तेवढ्यावर विसंबू नये. खालच्या तक्त्यातील ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळी वाचाव्यात. आकडे मुळात हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीने दिसतात, त्यामुळे शेवटी १० दिसले तर ते सोळा असतात. मेन्यूतून ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमान पद्धतीत बदलता येतात. ०५ म्हणजे निकामी ठरवून बदललेले सेक्टर (डिस्कवरील माहिती साठवण्याचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे संशयित आणि निकाल बाकी असलेले सेक्टर, तर सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले सेक्टर. सी७ मात्र डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती जाता-येताना झालेल्या चुका मोजते. पहिल्या तिन्हींतील आकडे आठवडागणिक वाढत असतील, तर डिस्क बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

मात्र ही तिन्ही शून्य असून केवळ सी७ वाढत असेल, तर डिस्क बहुधा ठणठणीत असते आणि दोष डिस्कला मदरबोर्डशी जोडणाऱ्या साटा केबलचा किंवा जोडणीचा असतो. हा आकडा पुन्हा शून्यावर येत नाही. म्हणून तो लिहून ठेवावा, केबल बदलावी, ती मदरबोर्डवरील दुसऱ्या पोर्टला जोडावी आणि काही दिवस गेम खेळून आकडा पुढे सरकतो का ते पाहावे. थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीला ही केबल नसते. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ आणि शिल्लक आयुष्याची टक्केवारी पाहावी.

तरीही शंका उरली, तर तोच गेम दुसऱ्या डिस्कवर हलवून खेळून पाहावा. तिथे तो सुरळीत चालला, तर जुन्या डिस्कवरचा आरोप बळकट होतो. तिथेही बंद पडला, तर मेमटेस्ट८६ या साधनाने रॅम (संगणकाची मेमरी) तपासावी. स्टीम या गेमच्या दुकानवजा ॲपमधील फाइल पडताळणीत दुरुस्ती होऊनही पुन्हा नव्या फाइल खराब निघत असतील, तर डिस्क आणि रॅम या दोघांवरही नजर ठेवावी.

डिस्क बदलायचे ठरलेच, तर तिच्या लेबलवरील अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहावे. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, तिच्यातील माहिती नव्हे, आणि जुनी डिस्क सहसा परत येत नाही. म्हणून ती देण्याआधी आपली प्रत दुसऱ्या संगणकावर उघडते का, याची खात्री करावी.