पूर, टाळेबंदी आणि अमूर्त चित्रं: मे महिन्यातच करून ठेवायची तयारी

ही यादी शक्यतो मे महिन्यात वाचा. पाऊस लागायच्या आधी हाताशी तीन-चार आठवडे असतात, तेवढ्यात यातलं बहुतेक सगळं उरकतं.

मी सांगलीच्या गावभागात राहते आणि अमूर्त चित्रं काढते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट आहे. माझ्या तळमजल्यावरच्या खोलीत तेव्हा अकरा कॅनव्हास भिंतीला टेकून उभे होते, त्यांतले सात गेले. उरलेले चार आणि पुढच्या सहा-सात महिन्यांत केलेलं काम मिळून एप्रिल 2020 मध्ये मुंबईत प्रदर्शन ठरलं होतं, तर 25 मार्चपासून सगळा देशच बंद झाला. या दोन धक्क्यांनंतर मी एक करते: चित्र काढायची तयारी आणि चित्र दाखवायची तयारी वेगळी ठेवते. दाखवणं कुणाच्याही हुकुमाने थांबू शकतं. काढणं थांबणार नाही एवढं मात्र आपल्या हातात ठेवता येतं, पण ते आधी केलं तरच.

म्हणून पहिल्यांदा एक पिशवी भरा. घर सोडायची वेळ आली की कपडे, औषधं आणि कागदपत्रांच्या पिशवीबरोबर हीसुद्धा उचलायची. त्यात पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे कापलेले तीस-चाळीस जाड कागद (मी पुण्याच्या हातकागद संस्थेचा वापरते, शाई चांगली धरतो), काळ्या शाईची घट्ट बुचाची बाटली, दोन ब्रश, एक बोरू, सहा-बी पेन्सिल आणि जुन्या सुती साडीचा फडका. बाकी काही नको. पुराच्या वेळी मी मिरजेला नातेवाइकांकडे एकोणीस दिवस होते आणि त्या एकोणीस दिवसांत एक रेघसुद्धा ओढली नाही. कारण विचारलं असतं तर मी दुःख सांगितलं असतं. खरं कारण असं की हाताशी कागद नव्हता, आणि दुसऱ्याच्या भरल्या घरात मुलांच्या वह्या मागायला संकोच वाटला. परत आल्यावर हात असा अडखळत होता की पहिला धड थर बसायला दिवाळी उजाडली.

लहान कागदाला कमी लेखू नका, हे मला मोठ्या कॅनव्हासचा हट्ट असणाऱ्यांना मुद्दाम सांगायचं आहे. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकेच, पाच-सहा कॅनव्हास करत. रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, कागदाचे तुकडे लावून रंग उचलायचा, असं ते अंगमेहनतीचं काम. 1984 मध्ये त्यांना अपघात झाला, मान दुखावली आणि मोठा कॅनव्हास झेपेना. पुढची काही वर्षं त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटनं केली. पांढऱ्यावर काळ्या, लिपीसारख्या वाटणाऱ्या पण कुठलीच लिपी नसलेल्या खुणा. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. रेघांची अमूर्त चित्रं करणाऱ्या नसरीन मोहमदी यांचं उदाहरण मला याहूनही जवळचं वाटतं. 1990 मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्यांचं निधन झालं. त्याआधी मज्जासंस्थेच्या आजाराने हातापायांवरचा ताबा सुटत गेला तरी आखणीची उपकरणं घेऊन त्या शाईच्या आणि पेन्सिलच्या काटेकोर रेघा ओढत राहिल्या. साधन कमी आणि ठरलेलं होतं, म्हणूनच ते शक्य झालं असावं असं मला वाटतं. तेव्हा धडधाकट असतानाच आठवड्यातला एक दिवस फक्त या पिशवीतल्या सामानावर काम करा. अडचणीच्या दिवशी नवं माध्यम शिकता येत नाही.

घरातल्या साठ्याचं म्हणाल तर पांढरा रंग सगळ्यांत आधी संपतो. टाळेबंदीत रंगांची दुकानं बंद होती आणि माझ्याकडे लाल-निळ्याच्या ट्यूबा पडून, टिटॅनियम व्हाइट मात्र साफ. आपल्या कामात ज्या रंगावाचून अडतं तो ओळखून त्याचा सहा महिन्यांचा साठा ठेवा, बाकीच्यांची काळजी नको. जेसोचा (रंगाआधी कॅनव्हासवर द्यायच्या पांढऱ्या लेपाचा) एक मोठा डबा, चार मीटर कॅनव्हास. घरात आजारी माणूस असेल किंवा सगळेच एका खोलीत कोंडले जाणार असतील तर टर्पेंटाइन चालत नाही. त्याचा वास छातीत बसतो आणि ते पेटतंही पटकन. तैलरंगात काम करणाऱ्यांनी थोडे अॅक्रिलिक घेऊन त्यांची सवय आधीच करून घ्यावी.

आता झालेली चित्रं. जमिनीवर काहीही ठेवू नका, चार विटांवरसुद्धा नको. माळा हवा, नसेल तर वरच्या मजल्यावरच्या कुणाची तरी खोली बोलून ठेवायला हवी. मोठे कॅनव्हास चौकटीवरून उतरवून गुंडाळायचे झाले तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाडजूड नळीवर, मध्ये बटर पेपर घालून गुंडाळा. रंग आत ठेवला की थर दाबला जातो आणि सुरकुत्या पडतात. बबल रॅप थेट चित्राला लावू नका. उन्हाळ्यात अॅक्रिलिक मऊ पडतं आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून महिनोन् महिने ठेवलं की आत बुरशी धरते, तेव्हा पावसाळ्यात कोरडा दिवस मिळेल तेव्हा सोडून वारा द्या.

एवढं करूनही भिजलंच तर उन्हात टाकू नका. माझ्या सातांतली दोन तरी वाचली असती, मी घाईने गच्चीवर मांडली नसती तर. झपाट्याने वाळताना कॅनव्हास आणि रंग वेगवेगळे आकसतात आणि थर पापुद्र्यांनी सुटतो. सावलीत, आडवं, रंगाची बाजू वर करून, खालून हवा खेळेल असं ठेवायचं. चिखल ओला असताना बोटाने पुसायचा नाही. कागदावरची चित्रं टिपकागदात ठेवून टिपकागद बदलत राहायचं.

नोंदवहीचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, मलाही होता. नसरीन मोहमदींनी आपल्या चित्रांना बहुतेक वेळा नावं दिली नाहीत आणि तारखाही घातल्या नाहीत, त्यामुळे कोणतं काम आधीचं आणि कोणतं नंतरचं हे नंतरच्यांना अंदाजाने लावावं लागतं. आपलं चित्र अनाम राहू दे, पण पाठीवर वर्ष, माप, माध्यम आणि सही हवी. गायतोंडे यांच्या कितीतरी कॅनव्हासच्या पाठीवर देवनागरीत सही सापडते. आणि अमूर्त चित्राच्या पाठीवर एक बाण हवाच, वरची बाजू दाखवणारा. धावपळीत टेम्पोतून चित्र उतरवणाऱ्या माणसाने ते उलटं लावलं तर त्याचा दोष नाही. लिहायचं ते शक्यतो चौकटीच्या लाकडावर, कारण कापडावर जोर दिला तर पुढे वळ उठतो. प्रत्येक चित्राचा खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय एक फोटो काढा, आणि दुसरा बाजूने तिरका उजेड पाडून, म्हणजे पोत दिसतो. यादीची एक प्रत इंटरनेटवर, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे. माझ्या गेलेल्या सातांपैकी तीन चित्रांचा एकही फोटो नाही. ती आता फक्त मला आठवतात, आणि त्यांचा करडा नेमका कसा होता हे दर वर्षी थोडं थोडं बदलतं.

प्रदर्शनासाठी एकच महत्त्वाचं: दालनाशी झालेलं बोलणं लेखी घ्या. तारीख रद्द झाली तर अनामत परत मिळणार की पुढच्या तारखेत धरणार, आणि पुढची तारीख किती महिन्यांत देणार, हे पत्रात असू द्या. माझं सगळं फोनवर ठरलं होतं आणि मी पैशांसाठी वर्षभर हेलपाटे घातले. विमा काढला असेल तर तो चित्र आपल्या भिंतीवरून उतरल्यापासून परत येईपर्यंत आहे का आणि त्यात पूर येतो का, ते वाचा. परजिल्ह्यात जायला 2020 मध्ये ऑगस्टअखेरपर्यंत ई-पास लागत होता, म्हणून आपलं ओळखपत्र आणि दालनाचं पत्र टेम्पोवाल्याकडेही देऊन ठेवावं. कॅटलॉग शेवटच्या आठवड्यापर्यंत छापू नका. माझे तीनशे कॅटलॉग 'एप्रिल 2020' असं छापून तयार होते, अजून आहेत.

पडद्यावर प्रदर्शन करायची वेळ आली तर आपल्या चित्रांचं तिथे काय होतं ते आधी तपासून बघा. करड्यावर करडा चढवलेलं पाच फुटी चित्र फोनवर नुसता डाग दिसतं. मी वीस चित्रांचा अल्बम पाठवायचं सोडलं आणि एकेका माणसाला एकच चित्र पाठवू लागले: पूर्ण चित्र, तिरक्या उजेडातला एक तुकडा, आणि सकाळी आठला व दुपारी चारला घेतलेला, उजेड बदलताना दाखवणारा छोटा व्हिडिओ. सोबत एवढंच लिहायचे की हे एका दमात बघू नका. चौदा जणांनी परत फोन करून चित्राबद्दल सविस्तर बोललं. दालनात एवढं बोलणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

पैशांची सोय विक्रीवर ठेवू नका. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबईत गायतोंडे यांचं 1974 चं एक चित्र लिलावात 32 कोटी रुपयांना गेलं आणि घरच्यांना वाटलं की आता आमचेही दिवस आले. त्या बाजाराशी सांगलीच्या चित्रकर्तीचा काही संबंध नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, नाहीतर शिकवण्या.

एक शेवटचं, कारण ते मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. लोक विचारतील की एवढं सगळं घडतंय आणि तुझ्या चित्रात ते कुठे आहे? उत्तर तयार ठेवायची गरज नाही. पूर काढायचा प्रयत्न मी केला आणि ती चित्रं खोटी उतरली, मीच पुसली. पुढच्या वर्षभरात माझ्या कॅनव्हासवर खालून तिसऱ्या हिश्श्याला एक आडवी कड येत राहिली. मी ठरवलेली नव्हती. भिंतीवरची पाण्याची खूण तेवढ्याच उंचीवर आहे हे बहिणीने दाखवलं तेव्हा कळलं.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं तेव्हा मी गावात नव्हते. माळ्याची किल्ली शेजारच्या वहिनींकडे होती, दाराच्या आत यादी चिकटवलेली होती, टेम्पोवाल्याचा नंबर त्याच कागदावर होता. वहिनींच्या मुलाने दोन खेपांत सगळे चौदा कॅनव्हास मिरजेला नेले, बाण वर ठेवून. तेव्हा किल्ली कुणाला द्यायची ते आजच ठरवा, आणि त्या माणसाला एकदा घरी बोलावून माळा दाखवा.