उन्हाळ्याची चप्पल घेताना आधी ती उलटी करा

उलटी पडलेली चप्पल दिसली की आपल्याकडे कोणीतरी ती लगेच सरळ करतं. नाहीतर म्हणे घरात भांडणं होतात. दुकानात मात्र हा नियम बाजूला ठेवायचा. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाने चप्पल हातात घेतली की आधी उलटी करावी, वाकवून बघावी, आणि मगच वरचा पट्टा, जरीकाम, खडे काय ते बघावं. आपण नेमकं याच्या उलट करतो. शोकेसमधल्या पट्ट्यावर जीव जातो, पाय त्यात कसाबसा कोंबला जातो आणि पुढचे दोन महिने टाच ओरडत राहते. चपलेचा डौल वरच्या पट्ट्यात असतो आणि आराम तळात. दोन्ही एकाच जोडात मिळतात, फक्त बघायचा क्रम बदलायला हवा.

सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बूट-मोजे नकोसे होतात आणि लग्नं, बारशी, वास्तुशांती सगळं नेमकं तेव्हाच असतं. म्हणून हा सगळा खटाटोप.

पाय नव्याने मोजा

"माझा नंबर सहा" हे ठरून वीस वर्षं झाली असतील तर तो आता विसरा. वय वाढतं तसे पायातले सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल पडतात, तळव्याची कमान थोडी खाली बसते आणि पाऊल लांबीला आणि रुंदीलाही वाढतं. त्याच काळात टाचेखालची चरबीची गादी पातळ होत जाते. घरातल्या घरात अनवाणी फिरताना फरशी टोचायला लागते ती यामुळेच.

कागदावर उभे राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ ओढायला सांगा. स्वतः वाकून काढली की वजन एका बाजूला जातं आणि आकृती खोटी येते. दोन्ही पाय काढा. बहुतेकांचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं असतं आणि चप्पल मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायची असते. लांबी मोजताना टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं.

आता या आकृत्या कात्रीने कापून पिशवीत टाका. दुकानात आवडलेल्या चपलेवर कागदी पाऊल ठेवलं आणि कडा बाहेर आल्या, तर तो जोड तिथेच परत द्या. नातवंडांना या प्रकाराची फार गंमत वाटते, पण मापाची यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची पद्धत नाही.

दुकानात संध्याकाळी जा

दिवसभरात पाय सुजतात, उन्हाळ्यात जास्तच. सकाळी दहाला बरोबर बसलेली चप्पल संध्याकाळी सहाला पावलावर वळ उठवते. मारुती रोड, हरभट रोडला ऊन उतरल्यावरच जा. तसंही दुपारी तिथे कोण फिरतं! रोज पायात जोडवी असतील तर तीच घालून जा. काढून ठेवून माप घेतलं तर चपलेचा आडवा पट्टा नेमका जोडव्यावर येतो आणि शेजारच्या बोटाला घासत राहतो.

नंबर हे फक्त सुरुवातीचं ठिकाण. आपल्याकडे बरेचसे नंबर ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. काही जोडांवर 38, 39 असे युरोपी आकडे असतात, तिथे एका नंबराचा फरक पावणेसात मिलिमीटरच्या आसपास येतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. म्हणून ऑनलाइन मागवताना नंबरावर न जाता सेंटिमीटरचा तक्ता उघडा आणि कागदी पावलाशी ताडून बघा.

इथे हमखास होणारी गोष्ट सांगते. पाऊल रुंद झालं की लोक एक नंबर मोठी चप्पल घेतात. रुंदी कशीबशी जमते, पण पाय पुढे घसरायला लागतो आणि चवडा जिथे वाकतो तिथे चप्पल वाकत नाही. मोठा नंबर नको, रुंद पंजाचा साचा मागा. बऱ्याच दुकानांत तो माळ्यावर असतो, मागितल्याशिवाय खाली येत नाही.

"काकू, वापरा की, सैल होते दोन दिवसांत," हे वाक्य ऐकू येईलच. त्यात थोडं तथ्य आहे. चामडं रुंदीला जरा सैल पडतं, लांबीला नाही. रेक्झिन मात्र कशातच सैल होत नाही, उन्हात कडक होऊन पोपडे तेवढे सुटतात. दोन्हीतला फरक पट्ट्याच्या कापलेल्या कडेला कळतो: चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या खाली कापडाचा थर. पायात घातल्यावर बोटं दाबली जात असतील तर दुकानदाराचा गोडवा बाजूला ठेवून दुसरा जोड मागवा.

उलटी करा, वाकवा, पिळा

एका हाताने टाच आणि दुसऱ्याने पुढचं टोक धरून चप्पल वाकवा. ती पुढे, चवड्याखाली वाकली पाहिजे. मधोमध घडी पडली तर तळव्याला आधार शून्य. मग पिळून बघा. ओल्या टॉवेलसारखी पिळली गेली तर उठून दुसऱ्या जोडाकडे जा.

आता तळाची नक्षी. खोलगट, स्पष्ट रेषा हव्यात. रबर नखाने दाबलं की किंचित दबतं. कडक प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत सोल असेल तर मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. हात धुवायच्या बेसिनपाशी चकचकीत टाइल्स, त्यावर सांडलेलं पाणी, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात कोणाचं तरी बाळ. हाड मोडायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

टाच दोन ते तीन सेंटिमीटर उंच आणि तळाला रुंद असावी. तुम्ही सपाट पातळ चपलेच्या बाजूचे असाल तर थोडं थांबा. टाचदुखी असणाऱ्या पुष्कळांना अगदी सपाट तळ सोसत नाही. थोडी उंची असली की टाचेमागच्या शिरेवरचा ताण हलका होतो. पेन्सिल हीलबद्दल मी काही बोलत नाही, ती ज्यांना झेपते त्यांनी खुशाल घालावी, फक्त जिना चढताना कठड्याला हात असू द्यावा.

मऊपणाला फसू नका, हे मात्र जरा ठासून सांगायला हवं. आजकाल गादीसारख्या जाड फोमच्या चपला खूप मिळतात. दुकानात दोन पावलं टाकली की स्वर्ग! पण फार मऊ आणि जाड तळावर पायाला खालच्या जमिनीचा अंदाज येत नाही, घोटा आत-बाहेर कलंडतो आणि तोल जायचा धोका वाढतो. तळ घट्ट असावा आणि त्यावर पाऊल टेकतं तिथे पातळसा मऊ थर असावा.

मग चाला. दुकानातल्या गालिच्यावर नाही, बाहेरच्या फरशीवर, आणि दोन्ही पायांत घालून. पुढून बंद असलेल्या जोडात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे सेंटिमीटरभर जागा राहिली पाहिजे. उघड्या सँडलमध्ये बोटं आणि टाच दोन्ही तळाच्या कडेच्या आत हवीत. बोटं चप्पल पकडायला आवळली जात असतील तर ती चप्पल मागून सुटते आहे.

मागचा पट्टा, आणि न वाकता लागणारा

घरापासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत मागून उघडी चप्पल चालेल. आमराईत फेऱ्या मारायच्या, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या किंवा एसटीत चढायचं असेल तर टाचेमागे पट्टा हवाच. अडचण एवढीच की गणपती मंदिरात चप्पल काढायची, घालायची. खाली वाकून बक्कल लावताना कंबर आठवण करून देते. यावर उपाय सोपा आहे. असे सँडल मिळतात ज्यात बक्कल वरून नुसती शोभेची असते आणि खाली वेल्क्रो किंवा इलास्टिक. लांबून कोणाला कळतही नाही.

आता डौल

तळ पसंत पडला की मग वरच्या बाजूवर हवा तेवढा वेळ घालवा. साड्या आणि ड्रेस दोन्हींवर एकच जोड चालवायचा असेल तर तांबूस तपकिरी किंवा मळकट सोनेरी घ्या. काळा उन्हात तापतो आणि धूळही दाखवतो. त्वचेच्या रंगाजवळचा पट्टा घातला की पाऊल सडसडीत दिसतं. अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलं असेल तर त्यावरून रुंद, मऊ आणि बिनशिवणीचा पट्टा जाऊ द्या. हाड झाकलंही जातं आणि घासतही नाही. बारीक पट्ट्या नेमक्या त्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी रुततात. साडी किती खाली येणार ते चपलेच्या उंचीवर ठरतं, तेव्हा लग्नासाठी जोड घेत असाल तर फॉल लावायच्या आधी घ्या.

पुरुषांचं दुकान यात फार छोटं. झब्बा-पायजम्यावर मागे पट्टा असलेली चामडी सँडल उठून दिसते. निऑन रंगाची स्पोर्ट्स सँडल चालायला उत्तम असते, पण मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाशेजारी फोटोला उभं राहताना तिला जरा विश्रांती द्यावी.

कोल्हापुरी घ्यायचीच असेल तर

घ्यायचीच असते! 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. म्हणजे ती सांगलीचीही आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच घाटाची सँडल दाखवली आणि आपल्याकडे केवढा गदारोळ उठला, ते आठवत असेलच. उन्हाळ्याला ही चप्पल खरोखर छान. वनस्पतींच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं घाम शोषतं, पायाला चिकटत नाही.

पण पारंपरिक कोल्हापुरीचा तळ सपाट, कडक आणि गुळगुळीत. उतारवयात ती घेताना तीन गोष्टी करून घ्या. चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडून खाली नक्षीचं पातळ रबर चिकटवून-शिवून घ्या. आत मऊ थर असलेली आणि मागे पट्टा असलेली कोल्हापुरी हल्ली सहज मिळते, ती मागा. आणि पट्टा, अंगठा नवा असताना चावतात म्हणून आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवा. पहिले काही दिवस घरातच थोडा-थोडा वेळ घाला, लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा नको. रुंदीला ती किंचित घट्ट घेतली तरी चालते, लांबीला नाही.

वळवाचा पाऊस हा तिचा शत्रू. भिजलीच तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की चामडं कडक होऊन तडकतं.

मधुमेह असेल तर

इथे डौल दुसऱ्या नंबरावर. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर चप्पल चावते आहे हेच कळत नाही आणि फोडाची जखम होऊन चिघळते. अंगठ्याची चप्पल टाळा, बोटांमधली घासणारी पट्टी धोक्याची. पुढून झाकलेली, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. एमसीआर, म्हणजे मायक्रो सेल्युलर रबरचा आतला थर असलेल्या चपला यासाठीच बनवतात, डॉक्टरांना विचारून घ्या. घालण्यापूर्वी दरवेळी आत हात फिरवून खडा, खिळा, सुटलेला दोरा बघा. रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून.

आणि देवळं. उन्हाळ्यात दुपारी देवळाबाहेरची दगडी फरशी एवढी तापते की धडधाकट माणूस उड्या मारत जातो. संवेदना कमी असलेला माणूस शांतपणे चालत जातो आणि घरी आल्यावर तळव्याला फोड दिसतात. दर्शनाला सकाळी जा, आणि जाड सुती मोजे घालून जा. देव काही म्हणत नाही.

माळ्यावरचा जुना जोड

नवी घेण्याआधी एकदा माळ्यावरचं खोकं खाली काढा. गेल्या लग्नात घातलेली, जपून ठेवलेली महागाची सँडल तिथे असते. तिचा सोल पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असेल तर न वापरताही तो हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो आणि ऐन कार्यात तुकडे होऊन गळतो. अंगठ्याने सोल जोरात दाबा, थोडा वाकवा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुकटी हाताला लागली तर ती दुरुस्तीला द्या. वरचा पट्टा चांगला असेल तर खाली नवा रबरी सोल बसवून मिळतो. फक्त हे काम लग्नाच्या आठवड्यात काढू नका, तेव्हा चपला दुरुस्त करणाऱ्या काकांकडे रांग असते.