संत्रा तोडणीला निघताय? या चुका टाळा

दिवाळी आटोपली की वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या पट्ट्यात आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याच्या, संत्र्याची तोडणी जोर धरते. मृगाचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचा, माल पुढे फेब्रुवारी-मार्चात निघतो. पहिल्यांदा तोडणीला जाणाऱ्यांची खरी फसगत झाडावर होत नाही, गाडीत बसण्याआधीच होऊन गेलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भाव न ठरवता निघणं. बाग शेतकऱ्याची, माल व्यापाऱ्यानं घेतलेला, माणसं मुकादमाची. मग मजुरीचा चुकारा कोण करणार, हे आधीच विचारा. काम रोजानं की कॅरेटवर? कॅरेटवर असेल तर ते काठोकाठ भरायचं की वर शिग लावून (काठाच्या वर ढीग करून)? गाडी आली नाही म्हणून काम बंद राहिलं तर हाजरी धरणार का? जाण्यायेण्याचं भाडं कोणाकडे? उचल घेतली असेल तर रक्कम आणि तारीख वहीत लिहून घ्या. रोज संध्याकाळी मुकादमासमोरच कॅरेट मोजून टिपा आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. असं विचारलं तर वाईट दिसेल, असं अनेकांना वाटतं. अजिबात वाटू देऊ नका, घामाचा पैसा आहे.

दुसरी चूक फळ ओढून तोडण्याची. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. हिसका दिला की देठापाशी सालीचा टवका निघतो, तिथून बुरशी शिरते आणि बाजारात पोचेपर्यंत शेजारची फळंही खराब होतात. एका हातानं फळ तोलून धरा, कात्रीनं आधी थोडा लांब देठ ठेवून कापा, मग दुसऱ्या कापात तो फळाच्या सालीलगत कापा. देठाची बारीक चकती फळावर राहिलीच पाहिजे. पण लांब देठ राहिला तर तो बाजूच्या फळाला टोचतो.

एवढं करूनही छाट (खराब म्हणून बाजूला काढलेली फळं) जास्त निघत असेल तर कात्रीचं टोक, वाढलेली नखं, हातातली अंगठी आणि कॅरेटच्या तळातल्या काड्या तपासा. सकाळी दहिवर (दव) पडलेलं असताना घाई करू नका. ओल्या सालीतल्या तेलाच्या ग्रंथी जराशा दाबानंही फुटतात आणि नंतर तिथे तपकिरी डाग उमटतात. ऊन येऊन फळं सुकू द्या.

शिडी झाडाभोवतीच्या पाण्याच्या आळ्यातल्या ओल्या मातीत टेकवू नका, पाय खचतो. फांदीवर तर भार देऊच नका. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चपलेऐवजी बूट घाला. वाळल्या गवतात आणि पाल्यात घोणस असू शकते, हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा; मांत्रिकाकडे गेलेला वेळ जिवावर बेततो.

फवारणी कधी झाली हे मालकाला विचारल्याशिवाय बागेतलं फळ तोंडात टाकू नका. भाकरीला बसण्याआधी साबणानं हात धुवा.

मेळघाटातून कुटुंबासह उतरणाऱ्यांनी रेशनकार्डाची ई-केवायसी गावातच उरकून घ्यावी. कार्ड चालू असेल तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत कामाच्या गावच्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं.