हळूहळू होणारी वाढ इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

'वाढलं' म्हटलं की 'ग्रो अप' ठोकून द्यायचं, ही चूक नाशिकमधल्या माझ्या क्लासात प्रत्येक बॅचला ऐकू येते. 'सेल्स हॅव ग्रोन अप'! ग्रो अप म्हणजे लहानाचं मोठं होणं. फार तर एखादी वस्ती उभी राहणं. विक्री नुसती 'ग्रो' होते, कांद्याचे भाव 'गो अप' होतात. फळांसाठी केलेल्या गोडी छाटणीनंतर द्राक्षाच्या मण्यांत पुढे हळूहळू साखर भरते, तिथे म्हणा 'शुगर इज बिल्डिंग अप'.

त्याहून महागात पडतं ते 'पाइल अप'. अंबडच्या एका कारखान्यात मार्केटिंगला असलेल्या माझ्या विद्यार्थ्याने परदेशी ग्राहकाला मोठ्या उत्साहाने कळवलं, 'ऑर्डर्स आर पाइलिंग अप'. त्याला सांगायचं होतं, मागणी वाढतेय. ग्राहकाने अर्थ घेतला, काम तुंबलंय. लगेच उलट मेल आली: आमचा माल वेळेवर निघेल ना? साहेबांनी केबिनमध्ये बोलावून जाब विचारला. संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून नवी मेल लिहिली: 'डिमांड इज पिकिंग अप'. दिवाळीनंतर थंडावलेली मागणी खरोखरच उचल खात होती, म्हणून हे शोभलं. आधी मंदी नसेल तर तेही वापरू नका.

खर्च किंवा वजन नकळत वाढलं तर 'क्रीप अप'. उत्पादन ठरवून वाढवलं तर 'रॅम्प अप'. 'इन्क्रीज अप' लिहूच नका, इन्क्रीजमध्ये वाढ आलीच.

द्वारका चौकात संध्याकाळी ट्रॅफिक आपोआप 'बिल्ड्स अप', तिथे 'इज बिल्ट अप' नको. स्टॅमिना मात्र आपण वाढवतो, म्हणून 'बिल्ड इट अप'. 'बिल्ड अप इट' कधीच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फ्रेझल व्हर्ब्जच्या, म्हणजे 'पाइल अप'सारख्या जोड-क्रियापदांच्या, पीडीएफ पाठ करणाऱ्यांची मला काळजी वाटते. आठवड्यात यादी संपवायची घाई असते आणि पहिल्याच मेलमध्ये घात होतो. मी नवं क्रियापद वहीत उतरवताना अर्थाआधी त्याचे कर्ते लिहितो. 'बिल्ड अप'समोर प्रेशर, धूळ, ट्रॅफिक. 'पाइल अप'समोर कर्ज, थकलेली बिलं, न धुतलेली भांडी. 'पाइल अप'ची सोबत कसली आहे, ते वही उघडली की लगेच दिसतं.