जुन्या इंग्रजी चांदीच्या तबकावरची नक्षी कशी वाचावी?

अशा तबकाला हात लावण्याआधी एक विनंती. घरच्या चांदीसारखं ते टूथपावडरने घासू नका. रेषांमध्ये साठलेला काळेपणाच नक्षी वाचायला मदत करतो, आणि बारीक रेषा एकदा झिजल्या की त्या परत येत नाहीत. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती फडकं, एवढं पुरे.

आता तबक पालथं करा आणि भिंगातून छाप, म्हणजे चांदीवर ठोकलेले बारीक शिक्के, पाहा. पाय उचलून चालणारा सिंह असेल तर चांदी 92.5 टक्के शुद्ध. बिबट्याचं तोंड म्हणजे चांदीची तपासणी लंडनला झाली, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला. राजा किंवा राणीचं मुंडकं असेल तर तबक बहुधा 1784 ते 1890 मधलं. ती कर भरल्याची खूण. 'ईपीएनएस' अशी इंग्रजी अक्षरं दिसली तर चांदीचा नुसता मुलामा आहे.

मग तबक उजेडात तिरकं धरा. खरी गंमत इथे आहे. कोरीवकामात हत्यार धातू खरवडून काढतं. रेष धारदार दिसते आणि मागची बाजू सहसा कोरी राहते. ठोकीव नक्षीत बोथट हत्याराने धातू नुसता दाबतात, त्यामुळे तीच वेलबुट्टी मागेही पुसट उमटते. बोट फिरवून पाहा, फरक कळतो.

काठ काळ सांगतो: शंखांची नागमोडी किनार साधारण 1730-40 च्या दशकांतली, मण्यांची 1780 च्या आसपासची. पण साधी जुनी तबकं व्हिक्टोरियन काळात, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीत (1837-1901), पुष्कळांनी फुलापानांनी भरून घेतली. नक्षी छापावरून गेली असेल, छाप चेपला असेल, तर ती नंतरची समजा.

मधोमध घराण्याचं चिन्ह असतं. शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट असेल तर ते विधवेचं किंवा अविवाहित स्त्रीचं. जागा रिकामी असेल तर तिथे हलकेच तोंडाची वाफ सोडा. वाफेत कधीकधी पुसलेल्या रेषा दिसतात. अंगठ्याने दाबल्यावर मध्यभाग लवला, तर जुनं चिन्ह घासून काढलेलं असू शकतं.

उत्तम कोरीवकाम पाहायचं असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं, चांदीकारागीर पॉल द लामेरीने 1728-29 मध्ये घडवलेलं, ब्रिटिश मंत्री रॉबर्ट वॉलपोलचं तबक पाहा. राजा पहिल्या जॉर्जच्या राजमुद्रेची चांदी वितळवून ते केलं, आणि त्या मुद्रेचंच चित्र त्यावर कोरलं.