डिझाइन थिंकिंगचा कोर्स आणि खुर्चीवरची पिशवी

ऐच्छिक विषय म्हणून डिझाइन थिंकिंग (वापरणाऱ्या माणसांपासून सुरुवात करून प्रश्न सोडवायची पद्धत) घेण्यामागे माझं कारण अगदी साधं होतं: लेखी परीक्षा नव्हती. चित्रकलेत मी कच्ची, म्हणून सुरुवातीला धाकधूक होती. पण चौकोन, बाण आणि काड्यांची माणसं काढता आली की काम भागतं.

पहिल्या आठवड्यात पाच पायऱ्या फळ्यावर आल्या. माणसं समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, प्रोटोटाइप म्हणजे कच्चा नमुना बनवा, तपासा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन संस्थेमुळे हा साचा जगभर पोचला. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलच्या ‘डबल डायमंड’ या दुसऱ्या साच्यात चार टप्पे आहेत. कुठलाही चालतो. मी पायऱ्या घडाघडा पाठ केल्या आणि प्रकल्पात पहिल्याच पायरीवर तोंडघशी पडले.

विषय होता, ग्रंथालयात बसायला जागा मिळत नाही. आमच्या गटाने पहिल्याच बैठकीत अ‍ॅप करायचं ठरवून टाकलं, त्याचे रंगसुद्धा! बाईंनी एवढंच विचारलं, “किती जणांशी बोललात?” एकाशीही नाही.

मग बोलायला गेलो. “जागा राखून ठेवणारं अ‍ॅप आवडेल का?” सगळे हो म्हणाले. तोंडावर नाही कोण म्हणणार? बाईंनी ते कागद बाजूला सारले आणि म्हणाल्या, “काल ग्रंथालयात आलात तेव्हा काय काय झालं, ते पहिल्यापासून सांगा, असं विचारा.” त्या एका वाक्याने सगळं पालटलं. शिवाय दोन दुपारी आम्ही कोपऱ्यात बसून नुसतं मोजत राहिलो. खुर्च्या होत्या की! त्यांवर पिशव्या बसल्या होत्या. एक मुलगी म्हणाली, “प्लगजवळची जागा एकदा सोडली की गेली. म्हणून पिशवी ठेवते.” म्हणजे प्रश्न जागा कमी असण्याचा नव्हताच. उठून गेलेल्याला आपली जागा राहील याची खात्री हवी होती आणि ताटकळणाऱ्याला रिकामी खुर्ची.

प्रश्न असा नव्याने मांडणं, कोर्समध्ये शिकण्यासारखं काही असेल तर हेच. वर्गात याचं एक उदाहरण ऐकलं होतं. २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या एका कोर्समधल्या विद्यार्थ्यांना नवजात बाळांसाठी स्वस्त इनक्युबेटर (बाळाला ऊब देणारी पेटी) बनवायचा होता. नेपाळमध्ये गेल्यावर दिसलं की रुग्णालयात इनक्युबेटर रिकामे पडले आहेत आणि कमी वजनाची बाळं दूरच्या खेड्यांत घरीच जन्मतात, जिथे विजेचा भरवसा नाही. मग प्रश्न झाला, घरच्या घरी बाळाला ऊब कशी द्यायची? त्यातून स्लीपिंग बॅगसारखं आवरण आलं, आत मेणासारख्या पदार्थाची पिशवी. एकदा तापवली की ती शरीराच्या तापमानाच्या आसपास बराच वेळ टिकते. मला हे आधी परीकथेसारखं वाटलं होतं. स्वतः खुर्च्या मोजल्यावर पटलं.

आमचा प्रोटोटाइप म्हणजे पुठ्ठ्याची तबकडी आणि टाचणीवर फिरणारा काटा: ‘मी अमुक वाजता परत येते.’ पहिल्याच दिवशी लोकांनी बिनदिक्कत दोन-दोन तास पुढची वेळ लावली. दुसऱ्या तबकडीवर अर्ध्या तासापलीकडे काटा सरकतच नव्हता. ती बरी चालली. चुका शोधायला पाच-सहा माणसं पुरली. वस्तू वापरायला किती सोपी आहे हे तपासणाऱ्या चाचण्यांबद्दल त्यातले तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब, की पाच जणांकडून तपासलं तरी बहुतेक चुका सापडतात, आमच्या बाबतीत तरी खरा ठरला.

कोर्स निवडताना गुण कशाला आहेत ते आधी बघा. सगळे गुण शेवटच्या सादरीकरणाला असतील तर भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्यातच वेळ जाईल. मुलाखतींच्या नोंदी आणि फसलेले प्रोटोटाइप यांना गुण असतील तर डोळे झाकून घ्या. एका दिवसाच्या कार्यशाळेत पायऱ्या समजतात, पण तोंडघशी पडायला वेळच मिळत नाही. गटात वेगवेगळ्या शाखांची मुलं असली तर उत्तम. भांडणं होतील, होऊ द्या. एक गोष्ट मात्र आम्हाला कुणी शिकवली नाही: चांगली कल्पना कार्यालयाच्या गळी कशी उतरवायची. आमच्या तबकड्या सेमिस्टर संपताच कपाटात गेल्या.

फसलेली पहिली तबकडी मी जपून ठेवली. नोकरीच्या मुलाखतीत प्रमाणपत्राकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तबकडी हातात घेऊन त्यांनी विचारलं, “दोन तास लावणाऱ्यांचं पुढे काय केलंत?” त्यावर वीस मिनिटं बोलणं झालं. तेव्हा प्रत्येक प्रोटोटाइपचा फोटो काढा, तारीख घाला, आणि तो का फसला ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून ठेवा.