शीट फिल्म घरी डेव्हलप करायची, तर ट्रे, टँक की ड्रम?

शीट फिल्म म्हणजे रोलऐवजी सुट्या तुकड्यांत येणारी, मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म. उपकरणांचं नंतर बघू, आधी खोली तपासा. रात्री दिवे मालवून त्या खोलीत दहा मिनिटं नुसतं बसा. डोळे सरावले की दाराखालची फट, चार्जरचा इवलासा दिवा, खिडकीची कड हे सगळं दिसू लागतं. जे दिसेल ते बुजवा. बुजवता येत नसेल, तर उघड्या ट्रेचा विचार सोडून द्या. नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा उजेड टिपणाऱ्या फिल्मला लाल दिवाही चालत नाही. लाल उजेड न टिपणारी ऑर्थो फिल्म वापरणाऱ्यांची मात्र चैन असते, लाल सेफलाइटखाली (डार्करूमच्या मंद दिव्याखाली) निगेटिव्ह उमटताना दिसते.

आता आकार आणि संख्या. एका वेळी चार-सहा ४×५ इंची शीट करायच्या असतील, तर माझं मत सरळ आहे: उजेडात चालणारा बंद टँक घ्या. अंधार लागतो तो फक्त शीट भरताना, आणि तेवढं काम चेंजिंग बॅगमध्येही, म्हणजे हात घालायच्या बाह्या असलेल्या उजेडबंद पिशवीतही होतं. स्टीअरमन एसपी-४४५ या टँकमध्ये चार शीट बसतात आणि ४७५ मिली द्रावण पुरतं. पॅटर्सनच्या तीन रिळांच्या टँकमध्ये मॉड५४ हा होल्डर टाकला, तर सहा शीट होतात, पण द्रावण साधारण एक लिटर लागतं. शीट भरण्याचा सराव आधी उजेडात, एखाद्या वाया गेलेल्या शीटवर करा. अंधारात दोन शीट एकाच खाचेत गेल्या, तर दोन्ही फुकट.

काही जण शीट नळीसारखी वळवून, रबर लावून साध्या टँकमध्ये उभी करतात. खर्च जवळजवळ शून्य. मात्र पाठीमागे रबराखाली रंगाचे डाग राहू शकतात. बहुतेकदा ते नंतर धुताना निघतात.

८×१० साठी, किंवा एकेका शीटला वेगळा वेळ द्यायचा असेल तर, ट्रे अजूनही उत्तम. फिल्मपेक्षा एक माप मोठा ट्रे घ्या. डेव्हलपर (चित्र उमटवणारा), स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारा), फिक्सर (चित्र पक्कं करणारा) असे ट्रे डावीकडून उजवीकडे ओळीने मांडा आणि ती मांडणी कधीही बदलू नका, कारण अंधारात हातच डोळे असतात. शीट उभी धरल्यावर तिच्या कडेला कापलेल्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, की इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या थराची बाजू तुमच्याकडे आहे. अनेक शीट एकत्र करायच्या असतील, तर त्या एकेक करून साध्या पाण्यात भिजवा. कोरड्या शीट एकमेकींना चिकटल्या की सुटत नाहीत. मग गठ्ठ्यातली सर्वांत खालची काढून वर ठेवायची, हळूच दाबायची, पुन्हा खालची. घाई केली की एकीचा कोपरा दुसरीच्या इमल्शनवर ओरखडा काढतो, म्हणून सुरुवातीला दोनच घ्या. नायट्रिल हातमोजे हवेतच, पायरो (विषारी रसायनाचा) डेव्हलपर असेल तर त्याशिवाय हात घालूच नका.

हँगर (शीट अडकवायच्या चौकटी) आणि खोल टँक मोठ्या संख्येसाठी ठीक. पण द्रावण लिटरच्या हिशेबात लागतं, आणि फार जोरात हलवलं तर कडा जास्त गडद होतात.

फिरणाऱ्या ड्रममध्ये कमी द्रावणात एकसारखं काम होतं. जोबोच्या ३०१० ड्रममध्ये दहा ४×५ शीट बसतात. फिल्म सतत हलत राहत असल्याने वेळ साधारण १५ टक्क्यांनी कमी धरून सुरुवात करतात. इथे फसायला होतं ते डेव्हलपरच्या प्रमाणात. चार ४×५ शीटचं क्षेत्रफळ एका ८×१० एवढं, म्हणजेच ढोबळमानाने ३६ फ्रेमच्या एका रोलएवढं. एक्सटॉलसारख्या डेव्हलपरला तेवढ्या फिल्ममागे निदान १०० मिली मूळ (पाणी घालून पातळ न केलेलं) द्रावण लागतं. दहा शीट म्हणजे २५० मिली. ड्रममध्ये कमी पाण्यातही फिल्म भिजते म्हणून ते कमी केलं, तर निगेटिव्ह फिक्या येतात.

पद्धत ठरली की चांगला फोटो पणाला लावण्याआधी एक शीट सपाट, एकसारख्या उजेडातल्या भिंतीवर, मुद्दाम फोकस घालवून एक्स्पोज करा. २० अंश सेल्सिअसला डेव्हलप करा आणि वेळ पाच मिनिटांपेक्षा जास्त येईल असं मिश्रण निवडा. फार कमी वेळात डाग सहज पडतात. वाळल्यावर निगेटिव्ह उजेडावर धरून बघा. पट्टे दिसले तर हलवण्याची लय बदला, कडा गडद असतील तर हात हलका करा, आणि त्याच भिंतीवर दुसरी शीट घ्या.